एकशे बारा नंबरचं कार्ड

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाल्यावर मला लिफ्ट दुरुस्तीच्या आमच्या जुन्या कंपनीतून फोन आला. तक्रारी नोंदवायची संगणकप्रणाली बदलायची आहे, पण त्याआधी जुनीत काय काय बिघडलंय ते लिहून काढायचं आहे. आता तिथं असणाऱ्यांपैकी कोणालाच ती पहिल्यापासून ठाऊक नाही. याल का? घरात माझ्याशिवाय आवाज करणारा फ्रिज तेवढा उरला होता. मी गेले.

खोली तीच. भिंतींना नवा रंग दिला होता, पण माझ्या खुर्चीमागं डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग त्यातूनही वर आला होता. तपासणीला आलेली मुलगी चष्मेवाली, बारीक अक्षरात वहीत लिहिणारी. आल्या आल्या मला आजी म्हणाली.

"काकू म्हण. आजी व्हायला नातवंडं लागतात."

"बरं, काकू. तुम्ही रोज जसं काम करायचात तसंच करून दाखवा. चुकीचं करत असाल तर तेही."

प्रत्येक लिफ्टला नंबर, आणि पडद्यावर तिचं एक कार्ड. फोन आला की कार्ड उघडायचं, तक्रार लिहायची, जतन करायचं. मग मेकॅनिकच्या यादीत ती छापून यायची. मी कार्ड उघडायला गेले आणि जुन्या सवयीनं ओरडले, "सत्तर माझ्याकडे!"

मुलगी दचकली. "हे कोणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना. कार्ड उघडण्याआधी नंबर ओरडायचा. आमच्या पहिल्या हेडक्लार्कबाईंची शिस्त."

"पण कशासाठी?"

"बाईंना विचारायची कोणाची टाप होती?"

ती हसली, मग तिची पेन्सिल थांबली. शेजारच्या संगणकावर तिनंही सत्तरचं कार्ड उघडलं. मला म्हणाली, तक्रार लिहा आणि जतन करा. मी केलं. मग तिनं तिच्याकडच्या कार्डात फक्त पत्त्याचा एक शब्द बदलला आणि जतन केलं. पुन्हा उघडून पाहिलं, तर माझी तक्रार नव्हती. पुसल्याची खूणसुद्धा नव्हती.

"काकू, शेवटी जतन करणाऱ्याचं कार्ड राहतं, आधीच्याचं जातं. तुमच्या ओरडण्यामुळं एवढी वर्षं निभावलं." ती खूश होती. मोठा मासा गळाला लागला होता.

मला मात्र एकशे बारा नंबरचं कार्ड आठवलं.

माझी नणंद, घरात सगळे तिला धाकटी म्हणायचे, तिला या खोलीत मीच चिकटवली होती. नवरा सोडून गेलेला, पदरात दहा वर्षांचा मुलगा. एके सकाळी एकशे बारा नंबरच्या लिफ्टच्या इमारतीतून तिला फोन आला, लिफ्ट नसतानाही तिसऱ्या मजल्याचं दार उघडतंय. मेकॅनिक गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिथला एक शिंपी त्या दारातून खाली पडला, आणि पुन्हा कधी चालला नाही. कार्डावर तक्रार नव्हती. धाकटी शपथेवर सांगत राहिली, मी लिहिली होती. मी तिच्या मागच्याच टेबलावर होते. चौकशीत साहेबांनी मला विचारलं, त्या सकाळी ते कार्ड तुम्ही उघडलं होतं का? उघडलं होतं. इमारतीचा बदललेला फोन नंबर घालायला. घसा बसला होता म्हणून ओरडले नव्हते. फोन नंबरानं काय होतंय, उगाच कशाला गुंतायचं, असं मनात आलं आणि मी म्हणाले, "नाही."

धाकटीला काढून टाकलं. ह्यांनी तर सख्ख्या बहिणीचं तोंड पाहिलं नाही, जाईपर्यंत. माझ्या शब्दावर ह्यांचा विश्वास होता ना.

"एकशे बारा बघता येईल?" मी विचारलं.

त्या अपघातानंतर ती लिफ्ट कंपनीकडून गेली होती, कार्डाला कोणी हात लावला नव्हता. मुलीनं आतली माहिती काढली. आम्हाला ती पडद्यावर कधी दिसायची नाही.

"शेवटचं जतन त्या सकाळी अकरा बेचाळीसला. चार नंबरच्या संगणकावरून. हा चार नंबर कोणाचा, आठवतंय?"

आठवत नाही म्हटलं असतं तर तिनं पान उलटलं असतं.

"माझा," मी म्हणाले.

तिनं त्रुटींच्या यादीत ओळ घातली. दोघांनी एकच नोंद उघडल्यास आधीची पुसली जाते. गांभीर्य: मध्यम.

"मध्यम?"

"नव्या प्रणालीत हे आपोआप सुटतंय ना, काकू." मी मागितलं म्हणून ते पान आणि त्या कार्डाची माहिती तिनं छापून दिली.

धाकटी दोन खोल्यांत राहते, शाळेचे गणवेश शिवते. दार उघडून बाजूला झाली, बस म्हणाली नाही. मी कागद पुढं केले. तिनं चष्मा लावून दोनदा वाचले.

"चार नंबर तुझा होता, वहिनी."

"हो."

"तुला विचारलं होतं त्यांनी."

"विचारलं होतं. मी नाही म्हणाले."

ती रडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. दोन्हीची तयारी करून गेले होते. तिनं मशीनवरचा अर्धा शिवलेला बाहीचा तुकडा उचलला, घडी घातली, परत ठेवला.

"दादा गेला," ती म्हणाली. "त्याला आता काय सांगणार. पण माझा पोरगा आहे. आईमुळं एक माणूस पांगळा झाला, हे शाळेत ऐकत मोठा झालाय. मला कधी बोलला नाही. लग्नात मात्र मला मागच्या रांगेत बसवलं."

"मी त्याला पत्र लिहिते."

"पत्र नको. पत्र तो माझ्याच डोक्यातून आलंय म्हणेल." तिनं फोन उचलला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "तू सांग. आधी संगणकाचं सांगू नकोस. आधी तू काय म्हणालीस ते सांग."

पलीकडं घंटा वाजत होती. मी स्टुलाच्या कडेवर बसले. धाकटी समोर उभी राहिली, हाताची घडी घालून, चौकशीच्या खोलीत उभी होती तशीच.

"हं, आई, बोल," तो म्हणाला. आवाज हुबेहूब ह्यांचा.

"आई नाही," मी म्हणाले. "मामी बोलतेय. फोन ठेवू नकोस."