साडेचार पाकळ्यांचा शिक्का

मी एक जुनी बिडाची हंडी आहे, मित्रांनो. तीन पायांची, काळीकुट्ट, आणि उचलायला गेलात तर कंबर धरायला लावणारी. आजकालची पातळ, चकचकीत भांडी माझ्या शेजारी मांडू नका. दोन वर्षांत त्यांचे कान निखळतात. माझं वय दोनशेच्या घरात गेलं, पण एक पायही हललेला नाही.

माझा जन्म इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यातल्या एका भट्टीवर झाला. ओतणारा घाईत होता. वाळूचा साचा एका कडेला ढासळला आणि माझ्या झाकणावर जे पाच पाकळ्यांचं फूल उठायचं, त्याची एक पाकळी अर्धीच राहिली.

"टाक भंगारात," मालक म्हणाला.

दारात केझाया ट्रँटर नावाची एक तरणी बाई उभी होती. ती म्हणाली, "फूल काय शिजवून खायचंय? तळाला भोक नाही ना? मग आणा इकडे."

तेव्हापासून ती माझी आणि मी तिची.

पुढं एका उपाशी हिवाळ्यात तिच्या नवऱ्यानं, एनॉकनं, जमीनदाराची एक मेंढी मारली. ती माझ्यातच शिजली, मी कशाला नाकारू? एका मेंढीपायी सात वर्षं काळं पाणी! एनॉकला जहाजात कोंबून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यू साउथ वेल्सच्या कैदी वसाहतीत धाडलं. शेजारणी केझायाला म्हणाल्या, "तो मेला असं समज."

"मेलेल्याला भूक लागत नाही," केझाया म्हणाली. "माझ्या नवऱ्याला लागते."

दोन वर्षं तिनं लोकांची धुणी धुतली आणि सरकारकडे अर्जामागून अर्ज करवले. शेवटी लेक हेस्टर हिला एका हाताशी आणि मला दुसऱ्या हातात धरून ती जहाज चढली. आपल्या मर्जीनं, बेडीशिवाय.

तिकडची रीत अशी, की सरकार कैद्यांना मोकळ्या माणसांकडे गडी म्हणून बांधून देई. शेत कसणाऱ्या मोकळ्या बाईलाही गडी मागता येई. केझायानं हॉक्सबरी नदीच्या वळणावर जमिनीचा तुकडा खंडानं घेतला, आणि गडी म्हणून मागितला आपलाच नवरा! कागद झाला. मालकीण, केझाया ट्रँटर. गडी, एनॉक ट्रँटर.

पहिल्या दिवशी एनॉक टोपी काढून दारात उभा राहिला. "बाईसाहेब, काय हुकूम?"

"पाय पूस. लाकडं फोड. मग जेव."

"हे तर लग्न झाल्यापासून चालू आहे," एनॉक म्हणाला. "त्यासाठी मेंढी कशाला मारायला लावलीस?"

त्या दिवशी तिघं इतकी हसली, की माझ्यातलं खिमट खाली लागलं.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. सरकार म्हणे, ही जमीन रिकामी होती. खोटं. आमची चूल खणली तेव्हा खाली तिथल्या मूळच्या दारुग लोकांच्या चुलींची राख निघाली. चुलीची खूण मला कळते. त्या लोकांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

आता घोडं कुठं अडलं ते ऐका. गड्याला शेताबाहेर पाऊल टाकायचं तर मालकाच्या सहीचा पास लागे. एनॉकला लिहिता येई, केझायाला नाही. गड्यानंच पास लिहायचा आणि मालकिणीनं खाली फुली मारायची? फुली तर कुणीही मारील. मग केझायानं माझ्या झाकणाचं फूल काजळीनं आणि चरबीनं माखलं आणि कागदावर दाबलं. साडेचार पाकळ्या. झाली सही!

गावात मग्रिज नावाचा शिपाई होता. एकदा तो फुकटचा रस्सा ओरपायला आला, तेव्हा केझायानं त्याला पळी दाखवून वाटेला लावलं होतं. तो राग त्यानं पोटात ठेवला. एक दिवस एनॉक हेस्टरला घेऊन गव्हाचं पोतं दळायला गेला. मग्रिजनं त्याला गिरणीवरच धरलं.

हेस्टर धापा टाकत घरी आली. "आई, बाबांना नेलं! पास खोटा आहे म्हणतात!"

खोट्या पासाला पन्नास फटके होते, आणि मग पायात बेड्या घालून डोंगरातल्या रस्त्याचं काम. तिथून एनॉक तिला परत मिळाला नसता. केझायानं उकळता रस्सा डुकरांपुढे ओतला, मला गोणपाटात गुंडाळून कमरेवर घेतलं आणि चार मैल चालत कचेरी गाठली.

मॅजिस्ट्रेट कागद हातात धरून बसले होते.

"साहेब, अक्षर कैद्याचं," मग्रिज म्हणाला, "आणि खाली हा डाग. ही काय सही झाली?"

"डाग तुझ्या सदऱ्यावर आहे, मग्रिज," केझाया दारातूनच कडाडली. "तो शिक्का आहे. माझा!"

"असा ठसा कुठल्याही झाकणाचा उठेल, बाई," मग्रिज म्हणाला.

"मग आण की! गावातली झाडून सगळी झाकणं आण. माझ्या झाकणासारखं एक जरी निघालं, तर फटके मला मारा."

मॅजिस्ट्रेटना मौज वाटली. त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून झाकण मागवलं. माझ्यासारखंच, फुलाचं. काजळी लावून दाबलं. पाच पाकळ्या, सुबक. मग केझायानं माझं झाकण दाबलं. साडेचार! पासावरही साडेचार. त्या भरल्या कचेरीत माझं व्यंग माझ्या कामी आलं, मित्रांनो, आणि साहेबांचं सुबक झाकण हरलं.

"शिपाई," मॅजिस्ट्रेट म्हणाले, "हा शिक्का पुढे दिसला, तर वाट सोडायची. आणि ते गव्हाचं पोतं यांच्या घरी तू पोचवायचं."

चार मैल! मग्रिज पुढे वाकून चालला होता आणि केझाया मागून सांगत होती, "सांभाळून रे, पीठ व्हायचंय अजून त्याचं."

सात वर्षं सरली. एनॉकच्या सुटकेचा कागद आला. केझाया म्हणाली, "जा आता कुठं जायचं तिथं. पास नको तुला."

एनॉक फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला. तळहात पुढे करून म्हणाला, "शिक्क्याशिवाय बाहेर कसा पडू, बाईसाहेब?"

तिनं त्याच्या तळहातावर फूल उठवलं. तेव्हापासून त्या घरातून दूर निघालेल्या प्रत्येकाच्या हातावर ते उठू लागलं.

मग पतवंडं शिकली, मोठी झाली आणि लाजली. कैद्याचं रक्त म्हणे! मला गोठ्यामागे टाकलं. कोंबड्या माझ्यात पाणी प्यायल्या. गंजले, पण तडकले नाही. शेवटी हेस्टरच्या खापरपणतीनं मला उचललं, घासलं, आणि पाहुण्यांच्या खोलीत मधोमध मांडून सगळ्यांना सांगितलं, "आमचा आजा मेंढी चोरून आला, आणि आमची आजी त्याची मालकीण होऊन आली!"

म्हणून सांगते, मित्रांनो. मला ओलं ठेवू नका, पुसून चरबीचा हात फिरवा. घासायचं तेवढं घासा. पण माझी अर्धी पाकळी दुरुस्त करायला कुणी आलं, तर त्याला पळी दाखवा. आणि तुम्ही दूरच्या वाटेला निघालात, तर आधी माझ्याकडे या. हात पुढे करा. काजळी तयार आहे.