न झाडलेल्या फैरी

वाचकहो, कॅन्ससच्या माळावरील एका लष्करी ठाण्यात पटकीच्या साथीत जे घडले, ते मी यथामती आपणांपुढे सादर करीत आहे. चित्त स्थिर ठेवून वाचावे, ही विनंती.

मृत शिपायाच्या थडग्यावर तीन फैरी झाडून त्यास निरोप द्यावा, ही पलटणीची परंपरा. परंतु साथ शिगेला पोहोचली, तेव्हा ठाण्याचे डॉक्टर एज्रा व्हिटकॉम यांनी ती बंद करविली. प्रत्येक फैरीसरशी रुग्णांचा धीर कसा खचतो, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यानंतर प्रेते मुकाट्याने पुरली जाऊ लागली.

तथापि रुग्णांना फैरी ऐकू येतच राहिल्या. भर दुपारी, वारा पडलेला असता, एखादा उशीवरून मान उचली आणि विचारी, "आज कोण गेला?" ज्याने तिसरी फैर ऐकली, तो सूर्यास्त पाहत नसे.

एके दुपारी कॉर्नेलियस ऊर्फ कॉन स्वीनी या आजारी शिपायाने मान उचलली. त्याची पत्नी नोरा, पलटणीची धोबीण, उशाशी बसली होती.

"एक झाली," तो म्हणाला.

"गप पड. बाहेर कुणी माझा टब आपटला असेल."

"तुझ्या टबाचा आवाज मला ठाऊक आहे, नोरे. रोज माझ्याच नावानं तर आपटतेस." मग किंचित थांबून तो कुजबुजला, "दोन."

नोरा उठली आणि डॉक्टरांच्या वाटेत उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, त्या गेलेल्या पोरांची सलामी त्यांना देऊन टाका. तुम्ही अडवलीत, म्हणून ती या खोलीत शिरते."

"नोराबाई, बंदुका वाजल्या तर बाकीचे भीतीनंच जातील."

"आणि नाही वाजल्या तर माझा कॉन जाईल. तिसरीची वाट बघत पडलाय तो. तुमच्या बाटल्यांत आहे का यावर काही?"

डॉक्टरांनी रुग्णाकडे पाहिले. नखे निळी पडली होती. दृष्टी खिडकीवर खिळली होती. बाटल्यांत काही नव्हते.

पायांवर उभे राहू शकतील असे चारच शिपाई मिळाले.

"आता मेलेल्यांची माफी मागायची का, साहेब?" सार्जंट प्रुइट पुटपुटला.

"हो," डॉक्टर म्हणाले. "चला."

ताज्या मातीच्या ढिगांपाशी गवताचे पातेही हलत नव्हते. तीन फैरी झडल्या. धूर वर चढला नाही. तो ढिगांवर पांघरुणासारखा पसरून राहिला. डॉक्टर धावतच परतले.

कॉनचे डोळे उघडे होते. डॉक्टरांनी त्याचे मनगट धरले आणि सूर्य माळाआड जाईपर्यंत सोडले नाही. अंधारले, तरी नाडी बोटाखाली क्षीणपणे चालतच होती. अखेर त्याने पाणी मागितले.

"केवढी पलटण उभी केली होतीत, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "एवढ्या बंदुका एकदम मी लढाईतसुद्धा ऐकल्या नाहीत."

डॉक्टरांनी पेला त्याच्या ओठांना लावला. आपण चारच शिपाई नेले होते, हे त्यांनी त्यास सांगितले नाही.

येथवर वाचण्याचे कष्ट घेतलेत, याबद्दल आपणां सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
रघुनाथ बाळाजी खोपकर
टोपीका, कॅन्सस