टोस्ट आत राहिला पाहिजे

ज्यांना जेवण पचत नाही अशाच माणसांवर संशोधन चाललं होतं, आणि त्या संशोधनात शिरायचं तर आधी एक अख्खा नाश्ता संपवून तो चार तास पोटात ठेवून दाखवायचा होता. म्हणजे पोहायला शिकायचंय ना, मग नदीपलीकडे वर्ग आहे, पोहत या. मी हे डॉक्टरबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मलाही कळतं हो. दुसरी पद्धत सुचली तर सांगा, तिला तुमचं नाव देऊ."

डॉक्टरबाई जठराच्या हालचालींवर संशोधन करतात. जठर अन्न घुसळून पुढे ढकलतं, ते ढकलणं कोणाचं कुठे आणि का थांबतं, हा त्यांचा विषय. मी घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो, त्यामुळे आमचं जमलं. दोघांचंही लिखाण कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

नाश्ता करायचा होता माझ्या ताईला. ताई क्रेन चालवते. उंच इमारतींच्या बांधकामावर, कबुतरांच्याही वर, तिची केबिन. वर्षभरापासून तिचं खाणं पोटात जाऊन तिथेच मुक्काम ठोकायला लागलं. दोन घासांत पोट तुडुंब, आणि सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं परत. वजन इतकं उतरलं की कंपनीने तिला क्रेनवरून उतरवून गोदामात बसवलं. दुर्बीण घालून पोट पाहिलं, स्वच्छ. रक्त तपासलं, स्वच्छ. मग दोन डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे. तिसऱ्याने विचारलं, लग्न झालंय का.

बाबांचंही मत मनाकडेच होतं. बाबा प्लंबर आहेत आणि त्यांचं सगळं जग नळजोडणीवर चालतं. "पाइप मोकळा आहे ना? दुर्बिणीने बघितला ना? मग माल पुढे जायलाच पाहिजे. जात नसेल तर वरून कोणीतरी कॉक बंद केलाय." वरून म्हणताना ते स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवायचे. ताई यावर कधी भांडली नाही. ती मला एवढंच म्हणाली, "बारक्या, मला बरं नंतर करा. आधी फोटो काढा."

फोटो म्हणजे ती चाचणी. अंड्याच्या पांढऱ्यात किंचित किरणोत्सारी औषध मिसळतात, सोबत दोन टोस्ट, जॅम आणि पाणी. हे पटकन संपवायचं. मग अधूनमधून एका मोठ्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि नाश्ता पोटात कुठवर पोचला ते पडद्यावर ठिपक्यांत दिसतं. निरोगी माणसाचं जठर चार तासांत जवळपास रिकामं होतं. मध्येच ओकलं तर चाचणी बाद. पहिल्या खेपेला ताई पहिल्या तासातच ओकली आणि बाद झाली. डॉक्टरबाईंच्या अभ्यासात आता एकच जागा उरली होती आणि महिनाअखेरीस प्रवेश बंद होणार होता.

तेव्हा ताईने सराव सुरू केला. लोक शर्यतीचा करतात, हिने नाश्त्याचा केला. मी रोज पांढरं शिजवायचो, टोस्ट भाजायचो आणि घड्याळ घेऊन समोर बसायचो. ती खायची, बहुतेक वेळा ओकायची, तोंड धुऊन यायची आणि म्हणायची, "कालच्यापेक्षा बरं होतं." बाबांचा या सरावाला विरोध होता. उरलेल्या पिवळ्याला नव्हता. ते त्यांनी रोज न कंटाळता खाल्लं.

हळूहळू तिला एक तंत्र सापडलं. "वाऱ्यात क्रेनला टांगलेला लोड हलायला लागला ना," ती म्हणाली, "की नवा माणूस घाबरून दांडा ओढतो. मग तो अजून हलतो. ओढायचं नाही. काहीच करायचं नाही. श्वास सोडायचा आणि लोड आपणहून शांत व्हायची वाट बघायची." मळमळ आली की ती डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. त्या भिंतीला टेकून मीच बसलेलो असायचो, मला ते फार लागायचं.

चाचणीच्या दिवशी बाबांनी व्हॅनमधून आम्हाला सोडलं. "मी गाडीतच बसतो," ते म्हणाले. "आत जाऊन काय, टोस्ट बघू?"

खोली लहान होती. एक खुर्ची, एक कॅमेरा, एक पडदा आणि कोपऱ्यात स्टीलचं भांडं, ज्याच्याकडे कोणी बघायचं नाही असं ठरलं होतं. कॅमेरा सांभाळणारा गृहस्थ इतका गंभीर होता की मला त्याच्याबद्दल आदर वाटला. ताईने नाश्ता संपवला. शेवटचा तुकडा तिने चावत चावत अक्षरशः ढकलला, पाण्याचा घोट घेतला आणि हात वर केला. पहिला फोटो निघाला. पडद्यावर तिच्या जठरात ठिपक्यांचा एक गोळा दिसला, बटाट्यासारखा.

"आता बसायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आडवं व्हायचं नाही. बोललं तर चालेल. हसायचं मात्र नाही, पोटावर ताण येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सोबतीला बसणार? तुम्ही विनोदी आहात का?"

"नाही," मी म्हणालो.

"आहे," ताई म्हणाली. "पण मी त्याला ताकीद दिली आहे."

मी तयारीने आलो होतो. माझ्या पिशवीत मीच लिहिलेली कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका होती. तिला आजवर कोणी हसलेलं नाही, हे मी छातीठोक सांगू शकतो. मी वाचायला सुरुवात केली. पहिला तास उत्तम गेला. ताईचा चेहरा सिमेंटसारखा होता. फोटो निघाला, बटाटा जागच्या जागी. दुसरा तासही गेला. तिच्या कपाळावर घाम आला तेव्हा तिने श्वास सोडला, भिंतीकडे बघितलं आणि बोटाने मला खूण केली, चालू ठेव. फोटो निघाला. बटाटा तिथेच, भाडेकरूसारखा.

तिसऱ्या तासात आम्ही सुरक्षेच्या सूचनांवर आलो. मी सपाट आवाजात वाचलं, "यंत्र चालू असताना कुटुंबातील कोणीही यंत्रात शिरू नये. पाहुण्यांनाही याची कल्पना द्यावी."

ताईच्या नाकातून एक आवाज आला. मग खांदे हलले. मग तिने तोंडावर हात दाबला आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले, आणि हसणं गेलं आणि दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. कॅमेरावाला भांड्याकडे धावला. ताईने त्याला हाताने थांबवलं. ती काहीच करत नव्हती. नुसती बसून होती आणि तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी इतका वेळ कोणाला काहीच न करताना बघितलेलं नाही. शेवटी तिने एकदा गिळलं, श्वास सोडला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "याला बाहेर काढा."

डॉक्टरबाईंनी मला दारापर्यंत पोचवलं. "एकटी नको राहायला," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात कोणी कंटाळवाणं आहे का?"

मी व्हॅनकडे पळत गेलो. बाबा स्टिअरिंगवर पेपर पसरून बसले होते. "बाबा, चला. ताईला तुमच्याशी बोलायचंय."

"काय बोलू? मला काय येतं बोलायला?"

"म्हणूनच."

ते आले, पण दारातच थबकले, पडद्यासमोर. तो गोळा त्यांनी बराच वेळ बघितला.

"हे सकाळचं?"

"सकाळचं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पण पाइप मोकळा आहे."

"अगदी मोकळा आहे. पाइपबद्दल आमची तक्रारच नाही. जठर हा पंप आहे. पाइप मोकळा असून पंप फिरला नाही तर पाणी चढेल का?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली. मग धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "पंपाला करंट येतोय का?"

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तेच तर शोधतेय. जठराच्या भिंतीत ताल देणाऱ्या पेशी असतात, नसा असतात. तिथेच कुठेतरी तुटलंय असा माझा अंदाज आहे. पण आधी पंप बंद आहे हे सिद्ध व्हायला हवं. त्यासाठी तिने अजून तासाभर टिकायचंय."

बाबा आत जाऊन खुर्चीशेजारी स्टुलावर बसले. मी दाराच्या काचेतून बघत होतो. दार पूर्ण लागत नव्हतं, त्यामुळे ऐकूही येत होतं. बाबांनी स्टूल पुढे सरकवलं. मग त्यांनी त्यांना येणाऱ्या एकमेव विषयाला हात घातला.

"नळाच्या वायसरमध्ये," ते म्हणाले, "तीन प्रकार येतात. चामड्याचा, रबराचा आणि नायलॉनचा. चामड्याचा आता कोणी लावत नाही. पण चामड्याचं कसं असतं, ते आधी भिजवावं लागतं."

ताईचा चेहरा शांत होत गेला. लहानपणापासून हा आवाज ऐकत आम्ही दोघं झोपलो आहोत. बाबांनी रबराचे फायदे सांगितले, मग तोटे. नायलॉनवर ते जास्त रमले. मध्ये एक लाट आली. ताईने न बघता हात पुढे केला आणि बाबांचं मनगट धरलं, असं की बोटांची पेरं पांढरी पडली. बाबा थांबले नाहीत. "आटे खराब असले तर वायसर बदलून उपयोग नाही," ते म्हणाले. "मग टेप गुंडाळायची. घट्ट. घाई करायची नाही. गुंडाळत राहायचं." लाट गेली तरी तिने मनगट सोडलं नाही आणि त्यांनी सोडवून घेतलं नाही.

चौथा तास भरला. ताई उठून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. भिंतीला टेकायची परवानगी होती, ती टेकली नाही. यंत्र घुमलं, थांबलं.

"ओकू?" तिने दात आवळून विचारलं.

"थांबा," कॅमेरावाला म्हणाला. "सेव्ह होतंय."

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी सेव्ह होताना बघितल्या आहेत. एवढी सावकाश कुठलीच नव्हती.

"झालं."

बाबांनी भांडं धरलं होतंच. ताईने मनापासून, सबंध वर्षाचं देणं फेडल्यासारखं, ओकून टाकलं. तिचं संपेपर्यंत आम्ही सगळे उभे होतो. का ते माहीत नाही, बसणं बरोबर वाटलं नाही. बाबांनी भांड्यात बघितलं. आत टोस्ट होता. ओळखू येण्याइतका टोस्ट होता, एका कडेला जॅमसुद्धा.

"हे मनाने केलेलं नाही," बाबा भांड्याला म्हणाले. मग विचारलं, "हे ओतायचं कुठे?"

"कुठेही नाही," कॅमेरावाला घाईने म्हणाला. त्याने हातमोजे चढवले, भांडं घेतलं आणि आमच्या घराण्याचा नाश्ता शिशाच्या पेटीत कुलूपबंद केला. त्यावर त्याने इशाऱ्याची पिवळी चिठ्ठी लावली. मी घरी रोज तोच नाश्ता केला, त्याला एवढा मान कधी कोणी दिला नव्हता.

डॉक्टरबाई आकडा घेऊन आल्या. "चार तासांनी दहा टक्क्यांच्या आत उरायला हवं. तुमच्यात सत्तर उरलंय."

"सत्तर," ताई म्हणाली. खुर्चीत बसून तिने डोळे मिटले आणि परत म्हणाली, "सत्तर." आमच्या घरात एवढे टक्के आजवर कोणाला पडले नव्हते. बाबांनी पडद्याचा फोटो मोबाइलवर काढला, मग हलला म्हणून पुन्हा काढला.

"जागा तुमची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढच्या टप्प्यात जठराच्या भिंतीचा छोटा तुकडा काढून ताल देणाऱ्या पेशी उरल्या आहेत का ते बघणार. पण मी आधीच सांगते, याने तुम्हाला बरं वाटेल असं वचन मी देत नाही. कदाचित तुमच्यानंतरच्या कोणाला वाटेल. कदाचित आम्हाला काहीच सापडणार नाही."

ताईने रुमालाने तोंड पुसलं. ती इतकी दमली होती की मान धरवत नव्हती, तरी तिने ती सरळ केली.

"कधी यायचं?"

"पुढच्या आठवड्यात. सोबत कोणीतरी लागेल."

"मी येतो," मी म्हणालो.

"तू गाडीत बस," बाबा म्हणाले. "आत मी असेन. अजून पितळी कॉक सांगायचे राहिलेत."