नेलीचे दोन पौंड

क्लेम ट्रेगेन्झा माझ्याशी एक अख्खं वर्ष बोलला नाही. माझं तोंड फटकळ आहे हे मला मान्य आहे, पण त्या दिवशी मी खोटं काही बोलले नव्हते. खरं तर खरं बोलले म्हणूनच सगळं बिनसलं.

ही १९३१ सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या विमेराच्या सपाट मुलखात आमचं गव्हाचं संशोधन केंद्र होतं आणि तिथे मी हिशेबाचं यंत्र चालवायचे. आकडे लावायचे, दांडा फिरवायचा, उत्तर उतरवून घ्यायचं. क्लेम आमचा वाफेवाला, म्हणजे गव्हाचे वाफे पेरून सांभाळणारा. पासष्टी ओलांडलेला, पाठीत वाकलेला. लोंब्यांचा लोंब्यांशी संकर करून, निवडून, पुन्हा पेरून त्याने अकरा वर्षांत एक नवा गहू तयार केला होता आणि त्याला बायकोचं नाव दिलं होतं: नेली.

आमच्याकडे दर वर्षी पीक भरात आलं की आसपासचे शेतकरी बघायला यायचे. फाटकाजवळ एक भलीमोठी लाल निलगिरी होती. माणसं तिच्या सावलीत चहा घेऊन उभी राहायची. साहजिकच ज्याचा आपल्याला अभिमान, तो गहू त्या झाडाजवळ पेरायचा अशी पद्धत पडली होती. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. त्या वर्षी तीन गहू होते, दोन जुने आणि एक नेली, प्रत्येकाचा एकेक वाफा. झाडाजवळ अर्थातच नेली. कापणी झाली, वजनं झाली, आणि नेली इतरांपेक्षा सात पौंडांनी जड भरली. आमचे मुख्य, ऑलिफंटसाहेब, क्लेमचा हात हलवून हलवून अभिनंदन करत होते. तेवढ्यात मी म्हटलं, "हे केंद्र व्हायच्या आधी माझ्या मामाच्या मेंढ्या पंचवीस वर्षं त्याच झाडाखाली बसायच्या, तिथेच लेंड्या टाकायच्या. मग हे सात पौंड नेलीचे की मेंढ्यांचे?"

सगळे हसले. क्लेम हसला नाही. टोपी डोक्यावर दाबून तो निघून गेला, आणि त्या दिवसापासून मी खोलीत आले की तो खोलीतून बाहेर.

ऑलिफंटसाहेब मात्र विचारात पडले. ते नुकतेच विलायतेहून एक नवी रीत शिकून आले होते. पुढच्या पेरणीला त्यांनी झाडापासून पार पलीकडच्या कुंपणापर्यंत जमिनीचे चार पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यात तीन वाफे, म्हणजे प्रत्येक गव्हाला प्रत्येक पट्ट्यात एक जागा. कुठल्या वाफ्यात कुठला गहू, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

"पेरणी म्हणजे काय जत्रेतली सोडत आहे का?" क्लेम साहेबांवर उखडला.

"तुमचा हात आवडत्या गव्हाकडे ओढ घेतो, क्लेम," साहेब म्हणाले. "माझाही घेतो. चिठ्ठी ओढ घेत नाही."

शेवटी चिठ्ठ्या क्लेमच्याच टोपीत टाकल्या आणि त्या नेलीबाईंनी उचलल्या. म्हातारी मोठी मिश्किल. "आयुष्यात एकदा माझं नाव मीच काढतेय," म्हणाली.

त्याच सुमारास शहरातल्या समितीचं पत्र आलं. नवा गहू जुन्यांपेक्षा खरोखर सरस ठरला तरच त्याचं बियाणं पुढे वाढवायचं, नाहीतर काम बंद. क्लेमची ही शेवटची पेरणी होती, हंगाम संपला की तो निवृत्त होणार होता. नेली तशी ठरली नाही, तर अकरा वर्षांचं ते बियाणं कोंबड्यांपुढे टाकायचं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, कापणी झाली. पत्र्याची शेड भट्टीगत तापलेली, बाहेर उत्तरेचा कढत वारा. बारा पोती तोलून भिंतीशी लावली होती, प्रत्येकाला वजनाची चिठ्ठी बांधलेली. मी यंत्रापाशी बसले होते, आणि दारात क्लेम येऊन उभा राहिला.

"पोरी," तो म्हणाला. वर्षभरातला पहिला शब्द. "मी माझ्यापुरतं बघितलंय. नेलीची सरासरी बत्तीस पौंड, दोघा जुन्यांची एकोणतीस-एकोणतीस. गेल्या साली सातचा फरक होता, आता तीनचा. झाडाजवळच्या पट्ट्यात तर जुने गहूसुद्धा चौतीस आणि पस्तीस भरलेत, बाकीच्या पट्ट्यांतल्या माझ्या नेलीपेक्षा जास्त. बरोबर होतं तुझं. मेंढ्याच होत्या." मग खाली बघत म्हणाला, "आणि मला ते गेल्या साली पेरतानाच ठाऊक होतं. माती काळी दिसत होती. मी बघून न बघितल्यासारखं केलं."

मी एक खोकं पुढे सरकवून म्हटलं, "बसा. अजून मी दांडा फिरवलेला नाही."

बारा वाफ्यांची सरासरी तीस. प्रत्येक वाफा तीसपासून किती लांब आहे ते काढायचं. नुसती बेरीज केली तर वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन शून्य होतात, म्हणून प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा आणि मग बेरीज. ती आली एकशे अठ्ठ्याण्णव. शेतात जेवढी म्हणून उलथापालथ होती, ती सगळी या एका आकड्यात.

मग मी पट्ट्यांचा भाग वेगळा काढला. झाडाजवळचा पट्टा सरासरीच्या सहा वर, दुसरा बरोबर सरासरीवर, तिसरा दोन खाली, चौथा चार खाली. त्यांचे वर्ग, आणि पट्ट्यात तीन वाफे म्हणून तिप्पट, झाले एकशे अडुसष्ट. गव्हांचा भाग काढला: नेली दोन वर, जुने दोन्ही एकेक खाली, प्रत्येकाचे चार वाफे म्हणून वर्गांची चौपट. चोवीस. शेवटी जे पट्ट्यानेही समजत नाही आणि गव्हानेही नाही, ते प्रत्येक वाफ्यातलं उरलंसुरलं काढून त्याच्याही वर्गांची बेरीज केली. सहा.

मग तिन्हींची बेरीज केली. एकशे अठ्ठ्याण्णव.

मी दांडा सोडून दिला. पुन्हा कागदावर बेरीज केली, पेन्सिलने. तेवढेच. एक दाणाही सांडला नव्हता. बारा वाफे, वारा, माती, मामाच्या मेंढ्या, एका म्हाताऱ्याची अकरा वर्षं, हे सगळं एकमेकांत कालवलेलं होतं, आणि ते निरनिराळं होऊन पुन्हा तंतोतंत जुळत होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी चर्चमध्ये वाढलेली मुलगी, पण तिथेसुद्धा मला असं कधी झालं नव्हतं.

"काय झालं?" क्लेमने विचारलं. "मेली का माझी नेली?"

मी उठून झाडाजवळच्या पट्ट्यातलं नेलीचं पोतं ओढलं. त्याच्या चिठ्ठीवर एकोणचाळीस होते.

"हे बघा. यातले तीस तर सगळ्यांचेच. सहा मेंढ्यांचे."

"म्हटलं ना मी."

"ऐका तरी. तीस आणि सहा छत्तीस. वर एक पौंड असा आहे की तो कुठून आला ते कुणाला माहीत नाही. राहिले दोन. ते नेलीचे."

"दोन." तो कसनुसा हसला. "दोन पौंड तर उंदीर खातात."

"उंदरांनी किती खाल्लं तेही या उरलेल्या सहात आहे, क्लेम. म्हणून तर त्याला महत्त्व. गेल्या साली एकेकच वाफा होता, फरक सातचा असो की सत्तरचा, त्याला ताडून बघायला काही नव्हतं. यंदा आहे." मी त्याच्यापुढे कागद सरकवला. "तीन गहू म्हणजे मोकळे फरक दोनच, तिसरा आपोआप ठरतो. चोवीस भागिले दोन, बारा. उरलेल्यात तसे मोकळे फरक, पट्ट्यांचे तीन गुणिले गव्हांचे दोन, सहा. सहा भागिले सहा, एक. तिन्ही गहू मुळात सारखेच असते, तर हे दोन आकडेही जवळपास सारखेच आले असते. नुसत्या योगायोगाने एवढी तफावत शंभरात एकदाही पडत नाही, साहेबांच्या तक्त्यात तसं लिहिलंय."

त्याने कागदावरच्या उरल्यासुरल्या 'सहा'वर बोट ठेवलं.

"हे कुणाचे म्हणालीस?"

"कुणाचेच नाहीत. जे आपल्याला कळत नाही, त्याचे."

"आणि माझ्या गव्हाला मोजायला तू हे वापरलंस? जे तुला कळत नाही ते?"

"हो. दुसरी फूटपट्टीच नाही."

क्लेम आयुष्यभर शेतात उभा राहिलेला माणूस. एकाच बियाण्याचे, एकाच हाताने पेरलेले, शेजारशेजारचे दोन वाफे कधी सारखे येत नाहीत हे त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होतं. त्या न कळणाऱ्या गोष्टीने त्याला चाळीस वर्षं छळलं होतं. आज तीच त्याच्या बाजूने साक्षीला उभी राहिली होती. त्याने टोपी काढली आणि छातीशी धरली.

"म्हणजे मी फसवलं नाही," तो हळूच म्हणाला. "मला वाटत होतं, अकरा वर्षं मी स्वतःलाच फसवतोय."

तेवढ्यात नेलीबाई चहाची किटली घेऊन आल्या. नवऱ्याचे डोळे बघून त्यांनी किटली खाली ठेवली. "काय निकाल? कोंबड्या खाणार का मला?"

"दोन पौंड, नेल," तो म्हणाला. "दोन पौंड खरे आहेत. मेंढ्यांचे नाहीत, मातीचे नाहीत. माझे आहेत."

"अकरा वर्षांत दोन पौंड?" म्हातारीने कमरेवर हात ठेवले. "तेवढ्यात मी कितीतरी जास्त वाढलेय."

तो हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला, आणि म्हातारी त्याची पाठ थोपटत राहिली. मी आपलं यंत्र पुसत बसले. ते अगोदरच स्वच्छ होतं.

पुढे समितीने नेलीचं बियाणं वाढवायला घेतलं. निघायच्या दिवशी क्लेम माझ्या टेबलावर काहीतरी ठेवून गेला. झाडाजवळच्या पोत्याची ती चिठ्ठी होती. त्याने एकोणचाळीसवर काट मारली होती. खाली त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: सगळ्यांचे तीस, मेंढ्यांचे सहा, देवाला ठाऊक एक, माझे दोन.