मापाची वही

शिंपीणबाईंच्या मापाच्या वहीत निम्म्या गल्लीच्या कमरा होत्या, पण तीस वर्षांत एकीची कमर दुसरीच्या कानावर गेली नव्हती. याचा बाईंना भारी तोरा. आणि तरीही, ऑनलाइन त्रास थांबवायला लोकांचे मेसेज तपासावेत का, असं पोलिसांच्या सभेत साहेबांनी विचारताच पहिला हात वर गेला तो त्यांचाच.

"आपल्याला काय लपवायचंय?" त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला कुणाचं काय जातं?

महिन्याभरात त्यांच्याच लेकीला कोणीतरी घाणेरडे मेसेज पाठवू लागला. लेक दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. नोंदवहीत तिच्या हातून नावं चुकू लागली. मायलेकी चौकीत गेल्या.

"फोन इथे ठेवा," हवालदार म्हणाला. "दोन वर्षांचं सगळं बघावं लागेल."

"सगळं कशाला? त्याचेच मेसेज बघा ना," लेक म्हणाली.

"अगं, देऊन टाक!" बाईंनी दटावलं. आईच्या शब्दाखातर तिने दिला.

आठवड्याने बाई एकट्याच चौकशीला गेल्या. तो माणूस काही सापडला नव्हता. हवालदार मात्र गालातल्या गालात हसत होता. "मुलगी लिहिते मजेशीर हं. तुमच्यावरही लिहिलंय."

इथे उठून चालू पडायचं. पण बाईंचा पाय निघेना.

"काय लिहिलंय हो?"

त्याने वाचूनच दाखवलं. मैत्रिणीला लिहिलं होतं, "आईने शिवलेले कपडे घालून निघते आणि दवाखान्याच्या बाथरूममध्ये बदलते. तिचं मन मोडवत नाही गं."

शेवटचं वाक्य बाईंना ऐकूच आलं नाही. घरी आल्या त्या धुमसतच.

"उद्यापासून बाथरूममध्ये कपडे बदलायचे कष्ट नकोत हो! मी काही शिवणार नाही."

बोलून गेल्या आणि जीभ चावली. दुसऱ्या दिवशी लेकीने तक्रार मागे घेतली आणि फोन घेऊन आली.

आता ती घरातूनच विकतचे कपडे घालून निघते. परवा जेवताना फोन वाजला. तिने पाहिलं, घास तसाच ठेवला आणि फोन पालथा घातला. बाई वाढता वाढता थांबल्या.

"त्याच मेल्याचा का गं? मला सांग ना."

"तू हवालदाराला विचार," लेक म्हणाली.