लहरीबाबांची प्राणकांडी

बुधवार पेठेतल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर हिरव्या पडद्याचं एक जुनं यंत्र, त्याच्या वायरीच्या टोकाला पेनाएवढी काळी कांडी, आणि शेजारी शाल पांघरलेले लहरीबाबा.

"ही प्राणकांडी! हिमालयातल्या गुहेत गुरूंनी दिली!"

गुहेत प्लगची सोय कुठे होती, हे कुणी विचारलं नाही.

भक्ताने कांडीच्या टोकाला बोट लावलं की पडद्यावर लाट उसळे. "रोग बघा कसा नाचतोय!" मग बाबा त्याचं मनगट धरत आणि लाट आडवी होई. "गेला! गोळ्या बंद!"

याच चमत्काराने आमच्या शेजारच्या श्यामसुंदरकाकांनी आठवड्यापूर्वी इन्सुलिन सोडलं होतं. तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे अंधारी, तरी हट्ट तोच. त्यांच्या पत्नी हेमाताई, भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, आज मुद्दाम सोबत आल्या होत्या. त्या थेट स्टेजवर गेल्या आणि पिशवीतून मंडईतलं वांगं काढून हातात धरलं.

"बाबा, याला तपासा. उद्या भरायचंय."

हशा पिकला. बाबा नको म्हणेपर्यंत ताईंनी कांडी वांग्यात खुपसली. पडद्यावर झकास लाट!

"अरेरे, वांग्यालाही मधुमेह! बरं करा की."

"भाजीवर कृपा होत नाही," बाबा घुटमळले.

"मग मीच करते. डाव्या मुठीत काय आहे, दाखवा."

शालीआडून निघाला वायरीला जोडलेला छोटा चिमटा. ताईंनी तो बोटांत घट्ट धरला. लाट आडवी झाली.

"वांगं बरं झालं!" मागून कुणीतरी ओरडलं.

ताई गर्दीकडे वळल्या. "हे यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप, विजेची लाट पडद्यावर दाखवणारं; आणि ही कांडी त्याचा जुना प्रोब. प्रयोगशाळेत मी रोज वापरायचे. भिंतीतल्या वायरींमधल्या विजेचा क्षीण परिणाम आपल्या अंगावर होतो, तोच पडद्यावर दिसतो. रोगी असो, पैलवान असो. हा अर्थिंगचा चिमटा. बाबा एका हाताने हा धरतात, दुसऱ्याने तुमचं मनगट. तुमच्या अंगातली ती वीज चिमट्यातून निघून जाते. रोग जात नाही."

तोवर बाबा मागच्या दाराने निघून गेले होते. कुणी हसत होतं, कुणी ओशाळलं होतं. काका मात्र खुर्चीतच बसून होते.

"हेमा," ते हळूच म्हणाले, "मला खरंच बरं व्हायचं होतं गं."

ताईंचा आवाज एकदम मऊ झाला. "ठाऊक आहे मला. म्हणून तर आले. चला, डॉक्टर वाट बघतायत."

बरं व्हावंसं वाटणं यात मूर्खपणा नाही. पण कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर आधी त्याची मूठ उघडून बघा.