वझलवारांनी घराला नावं ठेवली

निवृत्ती जवळ आली तसं श्रीरंग वझलवारांनी मनाशी नोएडा पक्कं करून टाकलं. जवळजवळ सारी नोकरी दिल्लीच्या मंत्रालयात फायलींवर शेरे मारण्यात गेलेली, आणि नोएडा त्यांना एखाद्या नीट लावलेल्या फायलीसारखं वाटे. सेक्टरला नंबर, घराला नंबर, रस्ते सरळ. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधले बरेच शेजारीही तिकडेच निघाले होते.

एका रविवारी पोळ्या लाटता लाटता चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "मला युनिव्हर्सिटीजवळ एक घर बघायचंय."

"युनिव्हर्सिटीजवळ? तिथे काय आहे?"

"युनिव्हर्सिटी आहे."

बाई पहाडगंजच्या मराठी शाळेत इतिहास शिकवत. जुन्या वास्तूंचं वेड, दुसरं काय, असं श्रीरंगरावांना वाटलं. एकदा जाऊन यावं, भिंतींची ओल दाखवावी, विषय आपोआप मिटेल.

घर सिव्हिल लाइन्समधल्या एका आतल्या गल्लीत होतं. मागे रिज नावाच्या टेकडीवरचं जंगल, पुढे विद्यापीठाकडे जाणारा रस्ता. श्याम नावाचा प्रॉपर्टी डीलर फाटकाशीच वाट बघत होता. "साहब, एकदम हिस्टॉरिकल एरिया! गदर में अंग्रेज इसी घर में छुपे थे."

"घर उन्नीस सौ बाईस का है," व्हरांड्यातून आवाज आला. "गदर अठारह सौ सत्तावन में हुआ. बीच के पैंसठ साल अंग्रेज कहाँ छुपे रहे, श्याम?"

त्या घराच्या मालकीणबाई, प्रोफेसर साहनी. विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवून कधीच्याच निवृत्त झालेल्या. गुडघे थकले म्हणून आता डेहराडूनला मुलीकडे जायचं ठरलेलं. पण घर काही विकलं जात नव्हतं. श्यामने श्रीरंगरावांच्या कानाशी लागून कारण सांगितलं, "मैडम घर नहीं बेचतीं साहब, इंटरव्यू लेती हैं. सबको फेल कर देती हैं."

श्रीरंगरावांची कळी खुलली. खात्याच्या सगळ्या परीक्षा ते पहिल्या फटक्यात पास झालेले. आज आयुष्यात प्रथमच नापास व्हायची संधी चालून आली होती.

आत शिरताच चंद्रप्रभाबाई मान वर करून बघतच राहिल्या. "कितनी सुंदर मेहराब है!"

"सब यही कहते हैं," प्रोफेसर कोरडेपणाने म्हणाल्या.

"मेहराब में दरार है," श्रीरंगराव म्हणाले. मग त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि पाहणीला आलेल्या इन्स्पेक्टरसारखे घरभर फिरले. "इस दीवार में ओल है."

"ओल?"

"मतलब सीलन. छत पर पीपल उगा है, जड़ें अंदर तक गई हैं. बाथरूम का दरवाजा लगता नहीं. रसोई में दिन में भी बत्ती चाहिए." तेवढ्यात खिडकीतून एक माकड आलं, टेबलावरचं बिस्किट उचलून सावकाश निघून गेलं. "और ये कौन? किरायेदार है क्या?"

"किरायेदार होता तो पूछकर लेता."

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि श्रीरंगरावांकडे बराच वेळ बघितलं. "ठीक है. आप लोग जा सकते हैं."

परतताना मुद्रिका बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. श्रीरंगराव खुशीत होते. "नाही जमलं बुवा. चलो, पुढच्या रविवारी नोएडाला जाऊ."

बाई बाहेर बघत होत्या. लाल किल्ला मागे पडला. मग हळूच म्हणाल्या, "मला एम.ए. करायचं होतं."

"काय?"

"इतिहासात. रेग्युलर, वर्गात बसून. बी.ए. बाहेरून केलं, बी.एड. तुमच्या बदलीत अर्धं इथे, अर्धं तिथे. कॉलेजच्या बाकावर अशी मी कधी बसलेच नाही. यंदा शाळेतून सुटतेय. म्हटलं, चालत जाता येईल असं घर असावं. नोएडाहून या वयात रोज दोन-दोन बस बदलून कोण जाणार?"

"मग मला सांगायचं नाही का, प्रभा?"

"तुम्ही त्यावर शेरा मारला असता. 'वय पाहता तूर्त आवश्यकता वाटत नाही.'"

श्रीरंगरावांनी अगदी हेच लिहिलं असतं, 'तूर्त'सकट. रात्री जेवताना आमटीला मीठ नव्हतं, ते त्यांनी वरून घालून घेतलं, शेरा मारला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मिठाईचा डबा घेऊन एकटेच सिव्हिल लाइन्स गाठलं. बायकोला पत्ता लागू द्यायचा नाही, आणि घराची तोंड भरून स्तुती करायची, असं बसमध्येच ठरवलं होतं.

"क्या मेहराब है!" त्यांनी दारातच सुरुवात केली.

"कल तो उसमें दरार थी," प्रोफेसर म्हणाल्या.

"दरार में भी... एक शान है."

"और दीवार में वो आपकी ओल?"

"वो ओल नहीं, मैडम. ठंडक है."

प्रोफेसरांनी काठी टेकून खुर्ची ओढली. "बैठिए, वझलवार साहब. कल आपके जाने के बाद मैंने तय कर लिया था कि घर आपको ही दूँगी. इतने लोग आए. सब तारीफ करते हैं, और मन ही मन नाप लेते हैं कि इसे गिराकर कितनी मंजिलें चढ़ेंगी. आपने पहली बार घर को ठीक से देखा. और आज आप भी वही बोली बोल रहे हैं! दोनों बातें एक साथ सच नहीं हो सकतीं. झूठ कौन-सी है?"

श्रीरंगरावांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. काल नापास व्हायला गेलो तर पास झालो, आणि आज पास व्हायला येऊन सगळं घालवलं! मिठाईचा डबा मांडीवर धरून ते म्हणाले, "मैडम, कल जो कहा वो सच था, पर नीयत खोटी थी. आज नीयत सच्ची है, पर जो कह रहा हूँ, वो सब झूठ है."

प्रोफेसर इतक्या मोठ्यांदा हसल्या की खिडकीत पुन्हा येऊन बसलेलं माकड पळालं. मग श्रीरंगरावांनी नोएडा, मुद्रिका, एम.ए., सगळं सांगून टाकलं.

"घर लेंगे तो पहले क्या करेंगे?"

"पहले छत. फिर पीपल. फिर बाथरूम का दरवाजा."

"और बंदर?"

"बंदर का मामला विचाराधीन है."

"एक शर्त है," प्रोफेसर म्हणाल्या. "मिसेज को ले आइए. वो भी इस घर में एक नुक्स निकालें. जिसे नुक्स नहीं दिखता, वो दो महीने में भाग जाता है."

रविवारी अट सांगून चंद्रप्रभाबाईंना पुन्हा नेलं. त्यांना काही केल्या घरात खोट दिसेना. कमान बघितली, गच्ची बघितली, व्हरांड्यातून दिसणारी कडुनिंबाची रांग बघितली, आणि प्रत्येक ठिकाणी "छान" एवढंच म्हणाल्या. श्रीरंगराव मागून खाकरत होते. शेवटी बाई स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यातली गृहिणी जागी झाली. "ये ओटा इतना ऊँचा किस मूरख ने बनाया? यहाँ पोळी लाटेगा कौन, ऊँट?"

"मैंने बनवाया था," प्रोफेसर म्हणाल्या.

श्रीरंगरावांनी डोळे मिटून घेतले.

"मुझे रोटी बनानी कभी आई ही नहीं," प्रोफेसर शांतपणे म्हणाल्या. "श्याम, बयाना ले लो."

ऐन उन्हाळ्यात सामान हललं. छत दुरुस्त झालं, ओटा खाली आला, आणि जुलैत चंद्रप्रभाबाई एम.ए.च्या पहिल्या तासाला निघाल्या. श्रीरंगराव छत्री घेऊन इतिहास विभागाच्या दारापर्यंत सोडायला गेले, आणि तास सुरू होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

दुपारी बाई परतल्या त्या हसतच. पायरीवर बसून पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, मी वर्गात शिरले आणि सगळी मुलं उभी राहिली! गुड मॉर्निंग मॅडम म्हणाली. मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तर सगळे वळून माझ्याकडेच बघायला लागले."

"मग हजेरी लागली की नाही?"

"लागली. पण उद्यापासून तुम्ही सोडायला यायचं नाही."

"का बरं?"

"बाकावर शेजारी बसलेली मुलगी विचारत होती, बाहेर छत्री घेऊन उभे आहेत ते सर कोणता पेपर शिकवतात?"

श्रीरंगरावांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"